पगारेंची वेस

परवा ‘वेस’वर नवीन रिव्ह्यू पडला. अंगठा खाली, आणि त्याखाली एकच ओळ : ‘बनानेवाला मर गया क्या? कोई जवाब ही नहीं देता.’

मेला नाही रे बाबा. माझ्या माहितीप्रमाणे पगारे सर चांगले धडधाकट आहेत, नाशिककडे कुठेतरी भावाजवळ राहतात, माझा फोन उचलत नाहीत. पण त्या पोराचा राग मला कळला. कारण एक काळ असा होता की ‘वेस’ खेळणाऱ्या माणसानं नुसतं ‘बकवास’ लिहिलं तरी पगारे त्याला परिच्छेदभर उत्तर द्यायचे. कुणाला एवढं ऐकून घेताना मी आयुष्यात पाहिलं नाही. आणि त्या ऐकण्यानंच शेवटी त्यांचा घात केला, असं माझं स्पष्ट मत आहे. जीतूला ते पटत नाही. न पटू दे.

‘वेस’ म्हणजे कॉम्प्युटरवरचा पत्त्यांचा खेळ. रमी-बिमी नाही. जंगलातून वाट काढत गावोगाव जायचं, वाटेत भुतंखेतं, चकवे, राक्षस आडवे येतात, त्यांच्याशी पत्त्यांनी लढायचं. एकेक पत्ता म्हणजे एक शस्त्र, एक मंत्र, नाहीतर एक सोबती. जाता जाता नवे पत्ते मिळतात, नको ते टाकायचे, असा आपला कॅट आपणच बांधायचा. हा खेळ आम्ही तिघांनी मिळून केला. डोकं पगारेंचं, प्रोग्रामिंग त्यांचं आणि जीतूचं, चित्रं माझी. अंबरनाथ पूर्वेला पालेगावात एका नव्या टॉवरमध्ये भाड्यानं घेतलेला वन-बीएचके, तेच आमचं ऑफिस. निम्मा टॉवर रिकामा, पाणी टँकरचं, खिडकीतून खाली अजून थोडी भातखाचरं दिसायची आणि त्यापलीकडे दुसऱ्या टॉवरचा खड्डा. मी यायचे उल्हासनगरहून, चार नंबर कॅम्पातून. जीतूही आमच्याच बाजूचा, सिंधी पोरगा, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा, रागावला की पूर्ण सिंधी.

पगारे आधी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत नकाशे काढायचे. प्रोग्रामिंग स्वतःच शिकले. पंचेचाळिशीचे, बुटके, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. भुतांचा गेम करणारा माणूस असा दिसत नाही हो! पहिल्या दिवशी मला वाटलं विम्याचे एजंट आलेत. त्यांच्या वडिलांना हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. म्हातारा एकदा ऑफिसात आला, माझ्या स्क्रीनवरचा वेताळ निरखून पाहिला आणि म्हणाला, “भूतखेत, देवदेवस्की सगळं टाकून आपल्याला दोन पिढ्या झाल्या. आणि तू त्यांचे पत्ते छापतोस?”

पगारे शांतपणे म्हणाले, “छापत नाही बाबा. कॉम्प्युटरवरच आहेत.”

म्हातारा चहा न घेता गेला. पगारेंना वाईट वाटलं, ते दिवसभर दिसत होतं. पण मनातलं पोटात ठेवायची त्यांची जुनी खोड होती.

आमच्याकडे सकाळ कशी व्हायची ते सांगते. दुसऱ्या ऑफिसात उदबत्ती लावतात, आमच्याकडे शिव्या वाचायचे. खेळणाऱ्यांनी जे वाईट लिहिलं असेल त्यातला एक रिव्ह्यू पगारे निवडायचे, उभे राहायचे आणि मोठ्यानं वाचायचे. सगळाच्या सगळा. आईबहिणीवरून असलं तरी एक शब्द गाळायचा नाही. आवाज असा की शाळेत सुविचार वाचतायत. वाचून झालं की चहा, आणि चहा संपेपर्यंत त्या रिव्ह्यूविरुद्ध कुणी बोलायचं नाही, असा नियम. जीतू मनगट चावत बसायचा. एकदा त्याची आई दाल-पकवानचा डबा घेऊन नेमकी त्याच वेळी दारात आली. आत पगारे उभे राहून गंभीरपणे स्वतःच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत. बाई तिथेच थिजली. नंतर जीतूला म्हणाली, “बेटा, सर को कोई तकलीफ है क्या?”

चांगले रिव्ह्यू मात्र वाचायचे नाहीत. मी म्हटलं, “सर, कधीतरी गोडाचा घास खा की. पोट बिघडणार नाही.”

“बिघडतं,” ते म्हणाले. “चांगलं लिहिणाऱ्याचं समाधान झालंय, त्याला आपली गरज नाही. शिवी देणारा खेळलाय शुभदा, मनापासून खेळलाय. ज्याला काही वाटलं नाही तो गप्पच बसतो.”

हे त्यांचं पेटंट वाक्य. शिवी देणारा खेळलाय. हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण ते नुसतं म्हणायचे नाहीत, तसं वागायचे. चकव्याचा पत्ता फार जड जातो म्हटलं की हलका करायचे. अक्षरं बारीक आहेत म्हटलं की आठवडाभर अक्षरांत. कुणा एकानं लिहिलं, हा गेम म्हणजे डोक्याचं दही आहे, पैसे परत द्या. पगारेंनी त्याला विचारलं, नेमकं कुठे दही झालं ते सांगाल का? त्यानं आणखी चार शिव्या घातल्या. यांनी त्या शिव्यांतून दोन मुद्दे काढले, आभार मानले, दोन्ही गोष्टी दुरुस्त करून त्याला कळवलं. पोरगा शेवटी इतका ओशाळला की त्यानं खालचा अंगठा वर केला आणि लिहिलं, डेव्हलपर देवमाणूस आहे.

जीतू खूश. आमची पार्टीची भाषा चालू. आणि पगारे काय करतात, तर त्याला लिहितात : ‘आपण भिडेखातर मत बदललेलं दिसतं. आपलं पहिलं मत खरं होतं. कृपया तेच राहू द्यावं.’

“सर!” जीतू किंचाळला. “पागल आहात काय तुम्ही? अंगठा वर आला होता, वर!”

“पण खोटा होता ना रे,” पगारे म्हणाले आणि कामाला लागले. पोरानं खरंच अंगठा परत खाली केला. आता या माणसापुढे कपाळ बडवायचं नाही तर काय करायचं?

एवढं सगळं ऐकणारा हा माणूस एका बाबतीत मात्र ठार बहिरा होता.

खेळाचं नाव ‘वेस’ का, तर दर गावाच्या वेशीवर एक दगड असतो आणि त्या दगडाला राखणदार लागतो. तुमच्याबरोबर सगळ्यात जास्त वाट चाललेला जो सोबती असेल, त्याला तिथे सोडून पुढे जावं लागतं. पर्याय नाही. आणि बटण दाबलं की झालं असंही नाही. तो पत्ता दाबून धरायचा आणि सोबत्याला हळूहळू वेशीपर्यंत स्वतः चालवत न्यायचं. हात सुटला की पुन्हा पहिल्यापासून. दगडापाशी पोचला की तो तिथे उभा राहतो, मागे वळून बघत नाही, आणि त्या खेळात पुन्हा कधीच मिळत नाही. सोबत्यांना चेहरेही नव्हते. सगळे मी पाठमोरे काढले, पगारेंनी तसंच सांगितलं होतं. “कुणासारखे नकोत. ज्याला जो दिसायचा तो दिसू दे.” खाली नाव मात्र खेळणाऱ्यानं आपल्या मनानं घालायचं.

आमच्या निम्म्या शिव्या या वेशीवरून यायच्या. ‘एवढा तयार केलेला पत्ता फुकट का घालवायचा?’ ‘हे दृश्य किती लांबवलंय, स्किप द्या.’ ‘भाई, परत आणायचा काहीतरी मंत्र ठेव ना.’ पगारे हेही रोज उभे राहून वाचायचे. उत्तरही द्यायचे : ‘आपलं म्हणणं पोचलं.’ आणि बदलायचे मात्र काही नाही.

का, ते मला एका दुपारी कळलं. लाइट गेलेली, जीतू आला नव्हता, आम्ही डबे उघडून बसलो होतो. मी सहज म्हटलं, “सर, एवढा हट्ट कशाला? एक स्किपचं बटण द्या न् मोकळे व्हा.”

ते भाकरी मोडता मोडता थांबले. म्हणाले, “रंजना गेली तेव्हा मी चहा आणायला गेलो होतो.”

रंजना त्यांची बायको. आजारानं गेली एवढंच मला माहीत होतं.

“नर्स म्हणाली, आता बरं आहे त्यांचं, तुम्ही खाली जाऊन चहा घेऊन या. गेलो. वर आलो तर पडदा ओढलेला. हातात दोन कप होते. दोन कशाला आणले होते विचारू नकोस. तिला तर पाणीसुद्धा बंद होतं.” मग पुन्हा भाकरी मोडत म्हणाले, “माझं स्किप झालं ते. म्हणून इथे नाही ठेवलं.”

मला रडूच फुटलं. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली, वर लोणच्याची फोडही दिली, आणि विषय मिटवला. त्यानंतर मी स्किपचं नाव काढलं नाही.

पण धंदा कुणाच्या दुःखावर चालत नाही. ज्या साइटवर खेळ विकायचा, ती साइट सगळ्या अंगठ्यांची गोळाबेरीज करून खेळाच्या माथ्यावर एक शिक्का मारते. आमच्यावर शिक्का बसला ‘संमिश्र’. हा शिक्का बसला की नवं गिऱ्हाईक आत येतच नाही, दारातून बघून जातं. विक्री सुकली. जीतूचं लग्न ठरलं होतं, मुलीकडचे विचारत होते की मुलगा नक्की करतो काय.

एका सकाळी पगारे वाचायला उभे राहिले, तर जीतूही उभा राहिला. म्हणाला, “सर, आज मी बोलतो. रोज तुम्ही वाचता ना, शिवी देणारा खेळलाय. तो ये वेसवाले क्या खेले नहीं? सगळ्यांचं ऐकता, यांचंच का नाही ऐकत?”

चहा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही हा नियम त्यानं मोडला होता. पगारेंनी त्यावरून त्याला टोकलं नाही. खुर्चीत बसले. बराच वेळ पेन उघडझाप करत होते. मग म्हणाले, “बरोबर आहे तुझं. हा एकच बदल मी माझ्यासाठी अडवून ठेवलाय. लोकांनी माझं दुःख विकत घेतलेलं नाही, खेळ घेतलाय.”

मला वाटलं बोलावं, नका करू. पण जीतूच्या तोंडाकडे पाहिलं आणि तोंड उघडलं नाही.

अपडेट पगारेंनी स्वतः लिहिला. आता वेशीवर विचारायचं : सोबत्याला सोडायचं की ठेवायचं? जीतू म्हणाला, हे फक्त नव्यानं खेळ सुरू करणाऱ्यांना देऊ, जुन्यांच्या खेळाला हात नको लावायला. पगारेंना ते रुचेना. “अरे, जुने लोक आपल्याबरोबर पहिल्यापासून आहेत. त्यांनीच सगळ्यात जास्त माणसं सोडलीत. नव्यांना मिळणार आणि जुन्यांना नाही, हा कुठला न्याय? सगळ्यांची माणसं सगळ्यांना परत देऊ.”

आणि दिली. जगात जिथे जिथे कुणी ‘वेस’ खेळत होतं, त्याचा खेळ उघडला की आजवर वेशीवर सोडलेले सगळे सोबती त्याच्या कॅटमध्ये परत येऊन बसत होते. असली चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. दुसरा कुणी एवढा विचारच करत नाही लोकांचा.

अंगठे भराभर वर आले. ‘फायनली!’ ‘डेव्हलपर ऐकतो हां.’ शिक्का बदलला, ‘बहुतांशी चांगला’ झाला. जीतूनं पुन्हा दाल-पकवान आणलं, त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी फोनवर पगारेंचे आभार मानले. पगारेंनी सगळ्यांबरोबर खाल्लं. सकाळी वाचायला वाईट मतच सापडेना, म्हणून दोनचार दिवस वाचन झालं नाही. मी म्हटलं, “बघा, उगाच रडत होतो आपण.” ते हसले. फार नाही.

तो रिव्ह्यू मला सापडला, तोही योगायोगानं. अंगठा वर असलेला होता. पगारेंच्या नियमाप्रमाणे चांगल्यांकडे आम्ही बघायचोच नाही, त्यामुळे तो किती दिवस तसाच पडून होता देव जाणे. कुणीतरी आपला जुना रिव्ह्यू मिटवून त्या जागी नवं लिहिलं होतं, अंगठा फक्त बदलायचा राहिला होता. मी ते पगारेंना दाखवलं. ते म्हणाले, “वाच. उभी राहून वाच.”

मी वाचलं :

‘मी सोबत्याला माझ्या वडिलांचं नाव दिलं होतं. कोविडमध्ये ते गेले तेव्हा पिशवीतच होते, चेहरा बघू दिला नाही. लांबूनच नमस्कार केला. या खेळात त्यांना मी माझ्या हातानं वेशीपर्यंत नेलं. मध्ये दोनदा हात सुटला, पुन्हा सुरुवातीपासून नेलं. तेवढंच माझ्याकडून त्यांचं झालं. काल खेळ उघडला तर बाबा परत पत्त्यांमध्ये. तलवारीच्या आणि मशालीच्या मध्ये. मी आता त्यांना कुठे ठेवू?’

चहा कुणी केलाच नाही. जीतू खिडकीशी गेला आणि तिथेच उभा राहिला. पगारे एवढंच म्हणाले, “शिवीसुद्धा दिली नाही त्यानं.”

मग त्यांनी आणि जीतूनं मिळून खूप खटपट केली. पूर्वीचं जसंच्या तसं करता येईना, जुन्या खेळावर नवा लिहिला गेला होता, वेशीवर कोण उभं होतं त्याची नोंदच पुसली गेली होती. शेवटी पगारेंनी त्या माणसाला पत्र लिहिलं. माफी मागितली. म्हणाले, दोन मार्ग आहेत. तुमच्या खेळातून तो पत्ता मी इथूनच काढून घेतो, तुम्हाला काही करावं लागणार नाही. किंवा जुनी वेस फक्त तुमच्यासाठी पुन्हा उभी करतो, तुम्ही पूर्वीसारखंच त्यांना घेऊन जा.

उत्तर आलं. ‘तुम्ही तिकडून काढून घेतलंत तर ते परत पिशवीसारखंच झालं. आणि मी न्यायचं म्हणाल, तर दुसऱ्यांदा नाही जमणार मला. तुमचा राग नाही. खेळ चांगला होता.’

पगारेंनी ते किती वेळ बघितलं असेल! मी पुढ्यात जेवणाचा डबा ठेवला, तो संध्याकाळी तसाच उचलला. त्या माणसाला त्यांनी उत्तर लिहिलं नाही. मला आठवतंय तेव्हापासून उत्तर न दिलेला तो पहिलाच. मग दुसऱ्याला दिलं नाही, मग कुणालाच नाही. सकाळी यायचे, बसायचे, उभे राहायचे नाहीत. मी एकदा चिडून म्हटलं, “सर, जगात एकट्या तुमच्याच हातून चूक होते काय? लाखो लोक खूश आहेत.” ते म्हणाले, “असतील ना.” बस्स.

खेळ चालत होता, पण पुढचं काही कुणी करेना. जीतूनं लग्न झाल्यावर नवी मुंबईत नोकरी धरली. त्याला मी नावं ठेवत नाही, तो शेवटपर्यंत सरांच्या पाया पडायचा. मी शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागले. पगारेंनी फ्लॅट सोडायचं ठरवलं आणि मला निरोप पाठवला की तुझं सामान घेऊन जा.

मी गेले तेव्हा भर दुपार होती. हॉलमधलं सगळं बांधून झालेलं, एक टेबल तेवढं राहिलं होतं. त्या टेबलाशी पगारे बसले होते, पाठ माझ्याकडे. मला वाटलं काहीतरी काम करतायत. जवळ गेले तर ‘वेस’ उघडलेली. वेशीचा दगड, आणि अलीकडे उभी मीच काढलेली पाठमोरी बाई. पदर खांद्यावर, अंबाडा. खाली नाव : रंजना. आणि त्याखाली ते नवं विचारणं. सोडायचं, की ठेवायचं?

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, “खेळ पूर्ण झाला त्या दिवशी मीच पहिला खेळलो होतो. तुम्हाला दाखवायच्या आधी. हिला नेलं होतं वेशीपर्यंत. नीट नेलं होतं, शुभदा. एकदाही हात सुटला नव्हता.”

“मग, सर?”

“मग काय. सगळ्यांची माणसं परत दिली ना मी.”

काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, “ठेवा मग सर. आता ठेवता येतं.”

त्यांनी मान हलवली. “ठेवून काय करू? लढायला लावू तिला?” मग उजवा हात त्यांनी माउसवर नेला, सोडायचं यावर बाण नेला, आणि तिथेच थांबले. मी शेजारी उभी. बाहेर दुसऱ्या टॉवरचं काम चालू होतं, कुणीतरी सळया आपटत होतं. थोड्या वेळानं त्यांनी हात काढून मांडीवर ठेवला.

“तो बरोबर म्हणाला होता,” ते म्हणाले. “दुसऱ्यांदा नाही जमत.”

मी माझा चित्रं काढायचा टॅब्लेट पिशवीत घातला. “येते सर,” म्हटलं. “ये,” म्हणाले, पण वळले नाहीत. चपला घालताना मी पुन्हा आत पाहिलं. ती बाई अजून वेशीच्या अलीकडेच उभी होती, आणि पगारे तिच्याकडे बघत बसले होते.